चढावरच्या बाई

आमच्या बाईंचा सगळ्यात मोठा राग सपाट रस्त्यावर होता. माणसांवरचे त्यांचे राग संध्याकाळपर्यंत उतरत, पण सपाट रस्त्याला त्यांनी कधी माफ केलं नाही. "सपाटीवर सगळेच ड्रायव्हर," असं म्हणून त्या नाक मुरडत. हायवेवरून भरधाव स्कूटर आणल्याची फुशारकी कुणी मारायला लागलं, की त्या शांतपणे विचारत, "आणि चढावर मध्येच थांबून परत निघालास का रे कधी?" समोरचा गप्प झाला की त्यांना त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

बाई म्हणजे माझ्या घरमालकीण. घाटकोपर पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी एका जुन्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहत आणि आतली एक खोली भाड्याने देत. मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या, महापालिकेच्या शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या. शाळा सुटली तरी गळ्यातली शिट्टी काही सुटली नव्हती. पाण्याची वेळ झाली की शिट्टी, माशांवर टपलेल्या मांजराला शिट्टी, मी आंघोळीला जरा जास्त वेळ लावला तर मलाही शिट्टी. पहिल्या आठवड्यात मी त्या शिट्टीला इतकी बिचकायचे की एकदा दात घासता घासता सावधानमध्ये उभी राहिले होते.

मी जालन्याहून आलेली. फिजिओथेरपी शिकले होते आणि पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम देणाऱ्या एका कंपनीत मला नोकरी लागली होती. अट अशी होती, की तीन महिन्यांत मला स्वतःच्या दुचाकीवर फिरता आलं पाहिजे. माझ्या वाट्याचे बरेचसे पेशंट डोंगरावरच्या वस्तीत राहायचे आणि तिथे वर यायला रिक्षावाले नाही म्हणायचे. जमलं नाही तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली तर परत जालना. तिथे आत्याने एक स्थळ हेरून ठेवलं होतं. मुलगा फार चांगला होता म्हणे. त्याचा चांगुलपणा फोनवर ऐकून ऐकून मला पाठ झाला होता. पप्पा एवढंच म्हणाले होते, की तुझं तुला जमत असेल तर राहा, नसेल जमत तर ओढून धरण्यात अर्थ नाही. थोडक्यात, माझं मुंबईत राहणं एका स्कूटरवर येऊन ठेपलं होतं, आणि मला सायकलसुद्धा धड येत नव्हती.

खोली बघायला आले तेव्हा आडनाव ऐकून आवाज बदललेल्या दोन-तीन घरमालकांकडे मी नुकतीच जाऊन आले होते. बाईंनी आडनाव विचारलंच नाही. "स्कूटर येते?" एवढंच विचारलं. मी खाली मान घालून नाही म्हटलं, तर त्यांचा चेहरा खुलला. "मग राहा," म्हणाल्या. पुढे शेजाऱ्यांकडून कळलं की ज्या मुलींना स्कूटर येते त्यांना बाई खोली देतच नाहीत. त्या मुलींचं काय करायचं हेच त्यांना सुचत नसावं.

त्यांची शिकवायची तऱ्हा अख्ख्या गल्लीचा करमणुकीचा विषय होती. पहिले कित्येक दिवस गाडी जागची हलायचीच नाही. अंगणात बाईंची स्कूटर मधल्या स्टँडवर उभी करायची, म्हणजे मागचं चाक अधांतरी राहतं. त्यावर मला बसवायचं, इंजिन चालू करायचं, मागचा ब्रेक हलकासा दाबून ठेवायचा आणि डोळे मिटून उजव्या हाताची मूठ अगदी हळू पिळायची. आधी नुसता आवाज वाढतो. गाडीला त्याचं काही नसतं. मग एका जागी तो आवाज एकदम जड होतो आणि सीटखाली बारीक थरथर येते. त्या क्षणी मी म्हणायचं, "लागला." मूठ सैल केली की ती थरथर जाते, तेव्हा म्हणायचं, "सुटला." लागला, सुटला, लागला, सुटला. येणारे-जाणारे थांबून बघायचे. वरच्या मजल्यावरच्या आजी रोज गॅलरीतून विचारायच्या, "काय गं, कुठवर पोचलीस?"

ह्या जपामागची गोष्ट बाईंनी मला नंतर समजावली. गिअर नसलेल्या स्कूटरला लोक भोळी समजतात, पण तिच्यात इंजिन आणि चाक यांची कायमची गाठ बांधलेली नसते. इंजिन हळू फिरत असतं तेव्हा त्याची ताकद त्याच्यापाशीच राहते, चाकाला त्यातलं काही मिळत नाही. इंजिनाने एक ठरावीक वेग धरला की आतला क्लच फाकतो आणि चाकाकडे जाणारी वाट पकडतो. तिथून पुढे एक पट्टा आपला आपण गिअर बदलत राहतो. आणि इंजिन जितकं जास्त पिळू तितकी ओढ वाढते असंही नसतं. ती मध्ये कुठेतरी सगळ्यात जास्त असते, पुढे आवाज वाढत जातो आणि ओढ उतरायला लागते. "शिकाऊ पोरी काय करतात," बाई म्हणाल्या, "चढावर घाबरून एकदम पिळतात, गाडी हिसका देते, मग हिसक्याला घाबरून मूठ सोडतात. क्लच सुटला, गाडी मागे. मग म्हणतात, गाडीत दम नाही."

चाक किती वेगाने फिरतंय ते काटा दाखवतो, पण इंजिन किती वेगाने फिरतंय हे आपल्या साध्या स्कूटरवर कुठेच लिहिलेलं नसतं. त्यामुळे बाईंचा काट्यावर विश्वास नव्हता. त्यांनी स्पीडोमीटरच्या काचेवर आपल्या कपाळावरची मोठी टिकली चिकटवून टाकली होती. ट्रॅफिक पोलिसाने एकदा हटकलं, तर त्यालाच समोर उभं करून त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकवला आणि आता सांग किती आहे, असं विचारलं. त्याने बिचाऱ्याने हात जोडले.

माणसंही त्या ह्याच हिशेबाने मोजत. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मीटिंगमध्ये टेबलावर मुठी आपटून बोलायचे, आणि गेटचा दिवा मात्र वर्षभर बंद होता. बाई शेवटच्या खुर्चीवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "रेस भारी करतात हो, पण ह्यांचा क्लच काही लागत नाही." उलट कोपऱ्यात बसणाऱ्या आणि कधी तोंड न उघडणाऱ्या एका बाईंनी टाकीच्या सफाईचं काम गुपचूप करून घेतलं, तेव्हा बाईंनी त्यांच्या घरी सोलकढी पोचवली. कौतुक करायची त्यांची तीच रीत होती, शब्दांच्या बाबतीत त्या फार कंजूष.

एकदा मी त्यांना सांगितलं की स्नायूंचंही असंच असतं. अगदी सावकाश हालचालीत स्नायू जोर भरपूर लावतो पण काम थोडं उरकतं, अतिवेगात जोरच उरत नाही, आणि सगळ्यात जास्त काम मधल्या कुठल्यातरी वेगात होतं. बाई भाजी निवडायच्या थांबल्या. मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग आपला दुखरा गुडघा पुढे करून म्हणाल्या, "म्हणजे ह्यालाही मधलाच वेग द्यायचा?" त्या दिवसापासून त्यांनी मला डॉक्टरीण म्हणायला सुरुवात केली. मी डॉक्टर नाही हे कितीदा सांगितलं तरी उपयोग झाला नाही. रोज सकाळी मी त्यांच्या गुडघ्याचे व्यायाम घ्यायचे आणि त्या शिट्टी वाजवून स्वतःच आकडे मोजायच्या.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं मात्र नाही. शेजारच्या सुनेने इलेक्ट्रिक स्कूटर आणली तेव्हा बाई ऐटीत जाऊन बसल्या, सवयीने आवाजाची वाट बघत मूठ पिळली आणि दुसऱ्या क्षणी कुंपणावरच्या कर्दळीत होत्या. लागलं काही नाही, पण अभिमान बराच खरचटला. मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण ओढ देते, तिला वेग धरावा लागत नाही, असं मी सांगायला गेले तर त्यांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी चहाचा कप पुढे करत म्हणाल्या, "चांगली असेल गाडी. पण मुकी आहे, माका नको." ह्या बाबतीत त्यांनी आपली चूक कधीच मानली नाही, आणि मी पुढे इलेक्ट्रिक गाडीचं नाव त्यांच्यासमोर काढलं नाही.

एकदा मी वैतागून विचारलं होतं, की सगळं जग मैदानात शिकतं, मग तुम्हालाच चढ का लागतो? तेव्हा त्यांनी सांगितलं. लग्नानंतर नवऱ्याने गिअरची स्कूटर घेतली होती आणि बाईंनी तिला हात लावायचा नाही अशी ताकीद होती. पुढे तो आखातात नोकरीला गेला. स्कूटर दारात गंजत उभी, बाईंची शाळा डोंगराच्या टोकावर, आणि दारातून निघणारी गल्ली थेट चढावर जाणारी. "मैदान होतं कुठे माझ्याकडे?" एवढंच बोलून त्या उठल्या आणि कुळथाच्या पिठीला फोडणी घातली.

स्टँडवरून खाली उतरल्यावर मी पहिल्याच चढावर पडले, मग पुन्हा पडले. बाई वरच्या वळणावर शिट्टी घेऊन उभ्या असायच्या. कोपर सोललं तरी त्या खाली येत नसत, तिथूनच सांगत, "ब्रेक धर. आधी लागू दे. मग ब्रेक सोड." आणि एका सकाळी ते झालं. चढाच्या अगदी मध्यावर गाडी थांबवली होती. ब्रेक धरून मूठ हळू उघडली, आवाज जड झाला, सीटखाली ती ओळखीची थरथर आली, आणि ब्रेक सोडल्यावर गाडी मागे न जाता वर निघाली. तो आवाज तसाच धरून ठेवून मी टोकापर्यंत गेले. वरच्या खोलीत माझे एक पेशंट होते, लकव्याने डावी बाजू गेलेले निवृत्त बस कंडक्टर. घामाने निथळत मी त्यांच्या दारात स्कूटर लावली तेव्हा त्यांनी उजव्या हाताने घंटीची दोरी ओढल्यासारखं केलं. त्या महिन्याअखेर मी हप्त्यावर स्वतःची स्कूटर घेतली आणि कंपनीने मला कायम केलं.

मला वाटलं, झालं. आत्याचं स्थळ टळलं, मुंबई आपली झाली. बाईंना वर नेऊन त्यांची जुनी शाळा दाखवावी असं मनात आलं. गुडघ्यामुळे त्या कित्येक वर्षांत वळणाच्या वर गेल्या नव्हत्या. त्या मागे बसल्या, मी त्यांना ऐटीत वर नेलं, फाटकातून शाळेच्या नव्याने रंगवलेल्या भिंती त्यांनी बघितल्या आणि नवीन रंगाला नावं ठेवली. मग आम्ही उतरायला लागलो.

डोंगरावरच्या सगळ्यांची एक सवय असते. उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं म्हणून मूठ पूर्ण बंद ठेवून गाडी वरूनच सोडून द्यायची आणि ब्रेकवर खाली यायचं. मीही तेच उचललं होतं. एकटी असताना चालून जायचं. पण आज मागे बाई होत्या, वजन दुप्पट, आणि अर्ध्या उतारावर ब्रेक तापून गुळगुळीत झाले. मी दोन्ही दाबले तरी गाडी वेग घेत होती. खाली वळणावर पाण्याचे हंडे घेतलेल्या बायका दिसत होत्या.

बाई माझ्या कानाशी वाकल्या. पी.टी.च्या तासाला सांगाव्यात तशा सावकाश म्हणाल्या, "मूठ उघड."

मला वाटलं, म्हातारी घाबरून भ्रमली. उतारावर आणि मूठ उघडायची?

"उघड गो बाय, थोडी. लागू दे."

मी उघडली. क्षणभर गाडी पुढे सरकली, मग आवाज जड झाला, क्लच लागला, आणि मूठ परत मिटल्यावर जणू मागून कुणी पदर धरावा तशी गाडी अडकली. आता चाक इंजिनाला ओढत होतं आणि इंजिन चाकाला आवरत होतं. वळणाच्या आधी आम्ही चालण्याच्या वेगावर आलो. हंडेवाल्या बायकांना काही झालं होतं हे कळलंसुद्धा नाही.

घरी आल्या आल्या बाईंनी मासे तळायला घेतले. जेवताना माझ्या पानात माशाची तुकडी वाढत त्यांनी सांगितलं, "पुढच्या महिन्यात दुसरी खोली बघ."

माझ्या चुकीमुळे त्या घाबरल्या असतील असं वाटून मी माफी मागायला लागले. त्यांनी हात वर केला. "ब्रेक तापतात, त्यात काय मोठंसं. मला एक सांग, मी मागे नसते तर काय केलं असतंस?"

"ब्रेक दाबत राहिले असते," मी खरं ते सांगितलं.

"तेच. इंजिन तुला सांगत होतं की क्लच लागलेलाच नाही. तू त्याचं ऐकलं नाहीस, माझं ऐकलंस. माझा आवाज तुझ्या कानात बसलाय, आता त्याच्या खालचं तुला ऐकू येत नाही. इथे राहिलीस तर आणखी बसेल."

मी रडले, भांडलेही. तुमच्या गुडघ्याचं कोण बघणार, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, गुडघा माझा आहे. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यांचा मनस्वी राग आला होता. ह्या शहरात मला जिने काही न विचारता घरात घेतलं, तीच आता मला बाहेर काढत होती, तेही मी तिला मिठी मारायच्या बेतात असताना.

मी मुलुंडला खोली घेतली. सामान हलवायला पप्पा जालन्याहून आले. ट्रंक आणि गादी टेम्पोत चढवून झाल्यावर म्हणाले, तू जिथं काम करतेस तो डोंगर एकदा दाखव. मी त्यांना मागे बसवलं. पप्पा बाईंपेक्षा बरेच वजनदार आहेत आणि दुचाकीवर मागे बसणं त्यांना अजिबात आवडत नाही. वर कंडक्टरकाकांना भेटले, त्यांचा डावा अंगठा आता हलतो हे त्यांनी स्वतः हलवून दाखवलं ते पाहिलं, आणि आम्ही निघालो.

ह्या वेळी मी वरूनच थोडी मूठ उघडून क्लच लावून घेतला होता, गाडी इंजिनावर मजेत उतरत होती. मध्येच पाण्याचा टँकर आडवा आला आणि थांबावं लागलं. टँकर सरकला, मी ब्रेक सोडला, आणि गाडी धावायला लागली. थांबल्याबरोबर क्लच सुटला होता. पप्पांनी माझे दोन्ही खांदे घट्ट धरले. "ब्रेक दाब की! अगं, ब्रेक दाब!"

कानात त्यांचा आवाज होता. त्याच्या खाली इंजिन अगदी हलकं, रिकामं वाजत होतं. मी मूठ उघडली. पप्पांनी माझ्या नावाने हाक मारली, तितक्यात आवाज जड झाला, गाडीने धरलं आणि आम्ही सावकाश, शेजारून चालणाऱ्या शेळीच्या बरोबरीने खाली आलो.

खाली टपरीवर पप्पांनी चहा मागवला. अर्धा कप संपवला. मग विचारलं, "मी ब्रेक म्हणत होतो, तू उलटंच केलंस. तुला कसं कळलं?" मी म्हटलं, गाडी सांगत होती. त्यांनी मान हलवली, फोन काढला आणि माझ्यासमोरच आत्याला लावला. "अक्का, त्या पाहुण्यायला नाही म्हणून कळव. पोरगी इथंच राहती. तिचं तिला जमतंय."

मग म्हणाले, तुझ्या बाईंना भेटायचंय.

पप्पांना बोलायची सवय नाही, पण त्या दिवशी ते दारातच हात जोडून उभे राहिले आणि त्यांनी आपलं सगळं मन बाईंसमोर मांडलं. परक्या गावात पोरीला घर दिलंत, शिकवलंत, आज उतारावर तुमच्यामुळे आम्ही दोघं धड खाली आलो, तुमचे उपकार कसे फेडायचे. मीही मागे उभी होते. माझा राग टपरीवरच्या चहाबरोबर केव्हाच उतरला होता, आणि पप्पा बोलत होते तो शब्द न् शब्द माझाच होता.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पप्पांना बसायला स्टूल पुढे केलं.

"माझं कसलं नाव घेता?" त्या म्हणाल्या. "उतारावर मी कुठे होते? मी तर इथे घरात भात टाकत होते."